खरकटं, अळी आणि हिशेब

घरच्या घरी ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्यांना एक प्रसंग हमखास ठाऊक असतो. डब्याचं झाकण काढावं, तर आत करड्या रंगाच्या, चपट्या, टणक कातडीच्या अळ्या वळवळत असतात. ‘किडे पडले’ म्हणत कुणी चुना टाकतं, कुणी कडुनिंबाची पेंड भुरभुरवतं, कुणी डबाच रिकामा करतं. या अळ्या पुष्कळदा घरमाशीच्या नसतात. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसन्स. मूळची अमेरिका खंडातली ही माशी आता जगभरच्या उष्ण प्रदेशांत, आपल्याकडेही, रुळली आहे. आपण हाकलून लावतो त्याच अळीच्या भरवशावर गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी कारखाने उभे राहिले, त्यातले काही भलीमोठी गुंतवणूक बुडवून बंदही पडले आणि तिच्यावर शोधनिबंधांचा ढीग साचला.

या सगळ्यातून आपल्या कामाचा प्रश्न असा: वसतिगृहाची मेस, रुग्णालयाचं स्वयंपाकघर, कंपनीचं कॅन्टीन, देवस्थानाचं प्रसादालय, मंगल कार्यालय अशा ठिकाणचं रोजचं खरकटं या अळीकडून जिरवून घेणं परवडेल का आणि ते पर्यावरणाला मानवेल का? आजवरच्या अनुभवाचं सार सुरुवातीलाच सांगायचं तर, अळी आपलं काम चोख करते. घोडं अडतं ते तिच्या आधी आणि तिच्यानंतर: कचरा वेगळा करताना आणि तयार अळीला गिऱ्हाईक शोधताना. प्रथिनांचा धंदा म्हणून तिच्याकडे पाहिलं की हिशेब फसतो, सफाईची सोय म्हणून पाहिलं की जमायला लागतो.

खरकट्याचा पसारा

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घराघरांतलं, २८ टक्के हॉटेलं, कॅन्टीन, मेस अशा तयार जेवण देणाऱ्या ठिकाणांचं आणि उरलेलं १२ टक्के दुकानांतलं. म्हणजे वाया जाणाऱ्या अन्नाचा चौथ्या हिश्श्याहून मोठा वाटा सामुदायिक पानांवरून आणि पातेल्यांतून येतो.

हा वाटा घरगुती कचऱ्याहून हाताळायला सोपा असायला हवा. तो एकाच जागी, ठरलेल्या वेळी आणि जवळपास सारख्याच स्वरूपात तयार होतो. मेसमध्ये सोमवारी काय उरणार हे आचाऱ्याला रविवारीच ठाऊक असतं. तरीही आपल्याकडे त्याची वाट ठरलेली आहे. एक तर तो पालिकेच्या गाडीत पडतो आणि कचरा डेपोवर जाऊन कुजतो, नाहीतर वराहपालकांच्या निळ्या पिंपांत जातो. डेपोवर हवा न लागता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो. मुंबईत देवनारच्या कचरा डेपोला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीच्या धुराने शहराला काही दिवस वेठीस धरलं होतं, ते पुष्कळांच्या लक्षात असेल.

त्याच वर्षी आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांना ‘मोठे कचरा उत्पादक’ ठरवलं आणि ओल्या कचऱ्यावर शक्यतो आपल्याच आवारात प्रक्रिया करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ ही तारीख धरून मोठ्या सोसायट्यांचा आणि आस्थापनांचा ओला कचरा उचलणं थांबवण्याचा पवित्रा घेतला, त्यावर बराच गदारोळही झाला. तेव्हापासून ‘आवारातच जिरवा, पण कसा?’ हा संस्थांच्या व्यवस्थापकांपुढचा रोजचा प्रश्न आहे. अळी हे त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक.

अळी करते काय

या माशीचं आयुष्य विभागलं गेलंय ते फार सोयीस्कर रीतीने: खाण्याचं काम सगळं अळीने करायचं, माशीने फक्त वंश वाढवायचा. काळसर, गांधीलमाशीसारखी दिसणारी प्रौढ माशी चावत नाही, डंख करत नाही, जेवणावर येऊन बसत नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवर आठवडाभर जगते, पाणी मिळालं तर पिते आणि अंडी घालून मरते. घरमाशीसारखी ती विष्ठेवरून ताटावर ये-जा करत नाही, म्हणून रोग पसरवणाऱ्यांत तिची गणना होत नाही. उलट जिथे या अळ्या दाट असतात तिथे घरमाशी अंडी घालायचं टाळते, हे अमेरिकेतल्या कोंबड्यांच्या विष्ठेवरच्या प्रयोगांतून जुन्या काळीच दिसून आलं होतं.

मादी एका वेळी चारशे ते आठशे अंडी घालते, तीही कुजणाऱ्या पदार्थात नव्हे तर त्याच्याजवळच्या कोरड्या फटीत. चारेक दिवसांत अंडी फुटतात. पिल्लू अळी डोळ्याला जेमतेम दिसते. सोयीची ऊब आणि पोटभर अन्न मिळालं तर दोन-अडीच आठवड्यांत ती सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास वजनाची होते. वाढ पूर्ण झाली की ती गडद होते, खाणं सोडते आणि कोरडी, अंधारी जागा शोधत स्वतःच ओल्यातून बाहेर चालू लागते. हा तिचा स्वभाव प्रकल्पवाल्यांच्या पथ्यावर पडतो: क्रेटला उतरती पट्टी लावली की कोषात जाऊ पाहणाऱ्या अळ्या आपणहून गोळा होतात.

तिला २४ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६० ते ९० टक्के ओलाव्याचं अन्न मानवतं. तिचं तोंड मोठे तुकडे चावण्यासाठी बनलेलं नाही, म्हणून कचरा एक-दोन सेंटिमीटरपर्यंत बारीक करून द्यावा लागतो. एवढी बडदास्त ठेवली तर ओल्या कचऱ्याचं वजन ६५ ते ८० टक्क्यांनी घटतं. गांडुळं तेलकट, खारट, आंबूस शिजल्या अन्नापासून दूर पळतात. ही अळी वरण-भात, उसळ, पोळ्यांचे तुकडे, मटणाचा रस्सा असं सगळं मिसळलेलं खाते. मेसच्या पिंपात नेमकं हेच असतं.

ज्ञान आलं कुठून

या अळीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो अन्नाच्या कचऱ्यासाठी नव्हे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात पिंजऱ्यांतल्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांखाली साचणाऱ्या विष्ठेचं काय करायचं, हा तिथल्या कीटकशास्त्रज्ञांपुढचा प्रश्न होता. वाळवलेल्या अळीचं पीठ डुकरांच्या आहारात वापरून पाहिल्याचा अभ्यास १९७७ चा आहे. क्रेग शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विष्ठा कमी करायची आणि अळीचं खाद्यही मिळवायचं अशी जोडयोजना मांडली. पण माशा बंदिस्त जागेत वर्षभर वाढवायच्या कशा, हे कोडं सुटल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं. प्रौढांना मीलनासाठी लख्ख उजेड लागतो, ही त्यातली मेख. शेपर्ड, जेफ्री टॉम्बरलिन आणि इतरांनी २००२ मध्ये संगोपनाची पद्धत प्रसिद्ध केली आणि जगभरच्या प्रयोगांना पाया मिळाला.

दुसरा टप्पा गरीब देशांतल्या शहरांचा. झुरिकजवळच्या एवाग या जलसंशोधन संस्थेने इंडोनेशियात सुराबाया शहरालगतच्या सिदोआर्जोमध्ये बाजारातल्या जैविक कचऱ्यावर प्रकल्प चालवला आणि तिथल्या अनुभवावर २०१७ मध्ये पायरीपायरीने सांगणारी मार्गदर्शक पुस्तिका काढली. आज जगात कुठेही लहान प्रकल्प उभा राहतो, तेव्हा बहुतेक वेळा हीच पुस्तिका हाताशी असते. मधल्या काळात, २०१३ मध्ये, अन्न व कृषी संघटनेचा खाण्याजोग्या कीटकांवरचा अहवाल आला आणि गुंतवणूकदारांचे डोळे विस्फारले. प्रश्न कचऱ्याचा होता. चर्चा प्रथिनांची सुरू झाली. पुढची बरीच गफलत इथे सुरू झाली.

शंभर किलोचा प्रकल्प

पुस्तिकेतलं प्रमाण घेऊन एखाद्या मेसचा हिशेब मांडून पाहू. ६० बाय ४० सेंटिमीटरचा, भाजीबाजारात दिसतो तसा प्लास्टिकचा एक क्रेट. त्यात पाच दिवसांच्या १०,००० अळ्या. बारा दिवसांत या क्रेटला, दोन-तीन हप्त्यांत, मिळून १५ किलो ओला कचरा द्यायचा. बाराव्या दिवशी चाळणीवर ओतलं की वर अळ्या राहतात आणि खाली भुसभुशीत काळपट चुरा पडतो.

रोज १०० किलो खरकटं असेल तर रोज सुमारे सात नवे क्रेट लागतील. बारा दिवसांचं चक्र धरलं तर कोणत्याही वेळी ८० क्रेट चालू आणि त्यांत आठ लाख अळ्या. आठ-आठ क्रेटची चळत केली तर दहा चळती होतात; जाण्यायेण्याच्या वाटेसह एका मोटारीच्या गॅरेजमध्ये हे मावतं. हाती रोज साधारण १५ किलो जिवंत अळ्या आणि २० ते ३५ किलो चुरा. एरवी डेपोवर जाणारं १०० किलोचं ओझं एवढ्यावर आलं.

ऐकायला हे सुटसुटीत आहे. मेख अशी की त्या सात क्रेटना रोज जवळपास ७०,००० पिल्लं अळ्या पुरवायला हव्यात. एका मादीची पाचशे अंडी धरली तरी रोज निदान दीडशे माद्यांनी वेळेवर अंडी घालायला हवीत, आणि मरतूक धरली तर दुप्पट-तिप्पट. म्हणजे कोषांची अंधारी पेटी, माशांची जाळीची खोली, त्यात ऊन किंवा खास दिवे, अंड्यांसाठी फटी ठेवून बांधलेल्या लाकडी पट्ट्या, खाली वासाचं आमिष, अंडी खरवडून मिलिग्रॅममध्ये वजन, मग पाच दिवस कोंबड्यांच्या खाद्यावर पोसायची बालवाडी. खरकटं खाणारा विभाग हमाली कामाचा आहे, अंडी मिळवणारा विभाग प्रयोगशाळेच्या शिस्तीचा. पहिला मेसच्या मुकादमाला जमतो. दुसरा एखादा आठवडा दुर्लक्षित राहिला तरी पंधरा दिवसांनी क्रेट रिकामे पडतात आणि खरकटं मात्र रोजच्या रोज येतच राहतं.

क्रेटमध्येही कुरबुरी असतात. आमटी-रस्सा गाळून न काढता ओतला की अन्नाचा रबडा होतो, हवा शिरत नाही, आंबट घाण वास सुटतो आणि शेवटी अळी चाळणीवर वेगळी होत नाही. मग तूस, भुसा किंवा कोकोपीट मिसळून ओलावा कमी करावा लागतो. दाटीने खाणाऱ्या अळ्या स्वतःच ऊब तयार करतात. ढीग खोल झाला तर आतलं तापमान चाळिशीपलीकडे जातं आणि अळ्या भिंतींवर चढून बाहेर पडू लागतात. पहिल्यांदा काम करणारा माणूस यालाच घाबरतो. खरं तर ती अळीची तक्रार असते: जागा कोंदट झाली, थर पातळ करा. मुंग्या, उंदीर, पाली आणि चिमण्या यांनाही ही मेजवानी कळतेच. म्हणून मांडण्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत आणि खिडक्यांना जाळी, हे पहिल्या दिवसापासून.

पर्यावरणाचं पारडं

हा मार्ग हिरवा आहे, असं सहज म्हटलं जातं. ते मोजून पाहणाऱ्या अभ्यासांत सिदोआर्जोच्या प्रकल्पावरचा २०१९ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. तिथे अळीच्या क्रेटमधून थेट निघणारे हरितगृह वायू साध्या कंपोस्टिंगच्या तुलनेत ४७ पट कमी आढळले. पण पूर्ण साखळी धरल्यावर, म्हणजे वीज, उरलेल्या चुऱ्याचं पुढचं कुजणं, मिळणारं खाद्य असं सगळं मोजल्यावर, कंपोस्टिंगचा तापमानवाढीचा भार अळीच्या पद्धतीच्या दुप्पट भरला. सत्तेचाळीस पटींचे दोन पट कसे झाले, हे समजून घेण्यासारखं आहे. अळीचं पोट स्वच्छ काम करतं. भार पडतो तो तिच्याभोवतीच्या व्यवहाराचा. चुरा पुन्हा मुरवावा लागतो, त्यातून वायू निघतात. अळ्या वाळवायला इंधन लागतं. वीज कोळशाची असेल तर हिशेब आणखी बिघडतो.

म्हणूनच अळ्या वाळवून, तेल काढून, पीठ करून दूरच्या बाजारात विकणारा मोठा प्रकल्प आणि अळ्या ताज्याच शेजारच्या कोंबड्यांना घालणारा लहान प्रकल्प यांना एकाच मापाने मोजता येत नाही. दुसऱ्यात वाळवणीचं इंधन आणि वाहतूक दोन्ही वाचतात.

चुऱ्याबद्दलही थोडं. त्याला सरसकट खत म्हणून पिशवीत भरून विकण्याची घाई दिसते. बारा दिवसांत अळीने खाल्लेलं अन्न अर्धवट पचलेलं असतं. असा कच्चा चुरा थेट रोपाच्या मुळाशी गेला तर रोप पिवळं पडू शकतं. काही आठवडे ढीग लावून किंवा गांडुळांच्या हवाली करून तो मुरवला की उत्तम खत होतं. मिठाचा अंश हा आपल्या जेवणाचा खास प्रश्न आहे: लोणची, पापड, रस्से यांतलं मीठ अळी नाहीसं करत नाही, ते चुऱ्यात साचतं. कुंड्यांना घालताना मातीत भरपूर मिसळून घालावं.

पैसा: कुठे बुडाला, कुठे टिकला

अळीच्या सुक्या वजनात साधारण ४० टक्के प्रथिनं आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते, प्रमाण तिच्या खाण्यानुसार बदलतं. चरबीत खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल भरपूर असतं, कॅल्शियमही चांगलं असतं. मासे आणि कोंबड्या यांच्यासाठी हे उत्तम खाद्य आहे, यात वाद नाही. वाद भावाचा आहे. राबोबँकेच्या २०२१ च्या अहवालात कीटकांच्या पिठाचा भाव टनाला ३,५०० ते ५,५०० युरो असा होता. मासळीची भुकटी यापेक्षा खूप स्वस्तात मिळते आणि सोयापेंड त्याहूनही स्वस्त. पाळीव कुत्र्या-मांजरांच्या महाग खाद्यात हे पीठ खपलं, कोंबड्यांच्या खाद्यात मात्र गिऱ्हाईक थबकलं.

परिणाम दिसलेच. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला अन्नाच्या कचऱ्यावर अळ्या वाढवून गाजलेल्या अ‍ॅग्रिप्रोटीनचा मूळ उद्योगसमूह २०२१ मध्ये आर्थिक संकटात सापडला. फ्रान्सची इन्सेक्ट ही कंपनी वेगळ्या किड्याची, पिठातल्या भुंग्याच्या अळीची. पण याच लाटेवरची. साठ कोटी डॉलरहून अधिक भांडवल गोळा करूनही ती २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. या पडझडीमागे एक समान धागा दिसतो. महागडी यंत्रं, थंड हवामानात तापवाव्या लागणाऱ्या इमारती आणि अळीला घालायला विकत घेतलेलं चांगलं खाद्य. कचरा खाणाऱ्या किड्याला कोंडा आणि धान्याचे उपपदार्थ विकत घेऊन घालायचे आणि मग त्याचं पीठ सोयापेंडीशी स्पर्धेला उतरवायचं, हे गणित सुटणं कठीण होतं.

टिकाव धरणाऱ्यांकडे पाहिलं तर वेगळं दिसतं. नैरोबीत सॅनर्जी या संस्थेने झोपडवस्त्यांतल्या शौचालयांचा मैला आणि शहरातला अन्नाचा कचरा एकत्र करून अळीपालन उभं केलं. तिथे प्रथिनं हा जोडफायदा होता, मूळ काम स्वच्छतेचं. ऑस्ट्रेलियात गोटेरा या कंपनीने शिपिंग कंटेनरच्या आकाराचं स्वयंचलित अळीघर बनवून ते कचरा तयार होणाऱ्या इमारतींच्या आवारातच ठेवण्याची कल्पना राबवली; पैसे घ्यायचे ते कचरा जिरवण्याच्या सेवेचे.

आता आपल्या १०० किलोच्या मेसकडे परत येऊ. रोजच्या १५ किलो ताज्या अळ्या वाळवल्या तर पाचेक किलो होतात. समजा किलोला ८० रुपये भाव मिळाला: दिवसाचे ४०० रुपये. भाव दुप्पट धरला तरी ८००. एवढ्यात कामाला ठेवलेल्या माणसाची मजुरी आणि वीज जेमतेम निघेल. म्हणजे केवळ अळ्या विकून हा प्रकल्प स्वतःच्या पायावर उभा राहणार नाही. पण संस्था आज कचरा उचलणाऱ्या कंत्राटदाराला काय देते, दंडाची टांगती तलवार किती, बागेच्या खतावर काय खर्च होतो, हे आकडे त्याच पानावर मांडले तर चित्र बदलतं. वाचलेला खर्च ही खरी मिळकत, अळ्यांची विक्री ही वरकड. ज्या संस्थेचा कचरा आजही कुणीतरी फुकटात नेतो, तिथे हा प्रकल्प आर्थिक कारणाने टिकणार नाही, हेही मान्य करायला हवं.

सुरक्षितता आणि कायदा

युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यपालनात आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या आहारात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली. मात्र तिथे कायद्याच्या लेखी कीटक हे ‘पाळीव जनावर’ आहे, त्यामुळे स्वयंपाकघरातलं खरकटं किंवा विष्ठा त्याला खाऊ घालायला बंदी आहे. गुरांना प्राणिजन्य खाद्य घातल्याने पसरलेल्या वेड्या गाईच्या रोगाची ती आठवण आहे. युरोपातल्या अळीकारखान्यांना खरकट्याचा प्रश्न सोडवताच आला नाही, तो या नियमामुळे. म्हणून तिथलं अपयश जसंच्या तसं आपल्याला लागू करता येत नाही, आणि तिथली सावधगिरी वाऱ्यावरही सोडता येत नाही.

वैज्ञानिक बाजू मिश्र आहे. अळीच्या वावराने विष्ठेतल्या साल्मोनेला आणि ई. कोलाय या जिवाणूंची संख्या लक्षणीय घटते, असं प्रयोगांत दिसलं. बीजाणू धरणारे जिवाणू आणि जंताची अंडी यांवर मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. शिसं अळीच्या अंगात फारसं साठत नाही, कॅडमियम मात्र साठतं. मेसच्या खरकट्यात कॅडमियमची भीती नाही. पण त्याच खोलीत कुणी बाजारातला झाडलोटीचा कचरा किंवा सांडपाण्याचा गाळ आणून टाकला तर ती येऊ शकते. म्हणून शिस्त साधी ठेवावी: अळीला फक्त स्वयंपाकघरातलं, विकण्याआधी अळ्यांना उकळत्या पाण्याची धग, दुभत्या जनावरांना हे खाद्य नाही आणि ज्या खरकट्यात डुकराचं मांस असू शकतं त्यावर वाढलेली अळी डुकरांना नाही. काम करणाऱ्यांनी मास्क आणि हातमोजे घालावेत. किड्यांच्या धुळीची अ‍ॅलर्जी होऊ शकते.

डुकरांना खरकटं थेट घालण्याच्या प्रथेशी तुलना केली तर अळीची बाजू भक्कम होते. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा वराहांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग न शिजवलेल्या खरकट्यातून पसरतो. २०१८ मध्ये ही साथ आल्यावर चीनने खरकटं घालण्यावर निर्बंध आणले आणि तिथे अळीप्रकल्पांना चालना मिळाली. भारतात हा रोग २०२० मध्ये प्रथम आसाममध्ये आढळला.

बाकीचे पर्याय काय म्हणतात

अळीची बाजू मांडताना तिचे प्रतिस्पर्धी विसरून चालणार नाही, आणि महाराष्ट्रात त्यांची परंपरा चांगली दणकट आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, शेणाऐवजी खरकट्यावर चालणारं आटोपशीर बायोगॅस संयंत्र विकसित केलं आणि त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘निसर्गऋण’ तंत्र मोठ्या आस्थापनांसाठी आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनने आपल्याच स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर गच्चीवर बाग फुलवली.

शिजलेलं अन्न बायोगॅससाठी उत्तम असतं आणि निघालेला गॅस त्याच स्वयंपाकघरात लगेच वापरता येतो. जिथे रोज सिलिंडर जळतात आणि टाकी बसवायला कायमची जागा आहे, तिथे बायोगॅस अळीच्या पुढे आहे, असंच म्हणावं लागेल. पालापाचोळा आणि भाज्यांची देठं जास्त असतील तर साधं कंपोस्ट आणि गांडूळखत पुरतं; त्याला अळीची उठाठेव नको. सोसायट्यांत बसवलेली विजेची यंत्रं पुष्कळदा अन्न फक्त वाळवून, चुरून देतात. पाणी लागलं की ते पुन्हा कुजू लागतं, आणि वीजबिल वेगळं. अळीची खरी जागा या सगळ्यांच्या मधली: शिजलेलं, मिसळीचं, तेलकट अन्न भरपूर, जागा थोडी, कदाचित भाड्याची, आणि दहा-वीस किलोमीटरच्या आत कोंबड्या किंवा मासे पाळणारे.

आपल्या मातीत

हवामान बऱ्याच अंशी अनुकूल आहे. कोकणात आणि मुंबईत वर्षाचा बहुतेक काळ अळीच्या सोयीचा आहे. पुण्या-नाशिकच्या थंडीत वाढ मंदावते, विदर्भाच्या मे महिन्यात पत्र्याची शेड अळ्यांना भाजून काढेल. खरी पंचाईत पावसाळ्याची: आभाळ आठवडाभर झाकोळलेलं राहिलं की माशांचं मीलन घटतं आणि अंडी आटतात.

दुसरी अडचण मनाची आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. प्रसादालयं, शाकाहारी वसतिगृहं, जैन संस्था यांच्यासाठी आवारात लाखो अळ्या वाढवून त्या उकळत्या पाण्यात टाकणं हा तांत्रिक मुद्दा राहत नाही. अळीला वेदना कितपत होतात यावर विज्ञानाचाही अखेरचा शब्द झालेला नाही. अशा ठिकाणी बायोगॅसचाच रस्ता धरलेला बरा. पटवापटवी करून बसवलेला प्रकल्प पहिल्या वादातच बंद पडतो.

तिसरी अडचण सगळ्यांत जुनी. खरकट्याच्या पिंपात कागदी पेले, सॉसच्या पुड्या, थर्माकोलच्या वाट्या, टूथपिक पडत असतील तर कोणतंच तंत्र चालत नाही. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने दारोदारच्या वर्गीकरणाचं काम करून हेच दाखवलं, की कचऱ्याचं मोल तो वेगळा करणाऱ्या हातांत असतं. मेसमध्ये ताट ठेवण्याच्या खिडकीशी दोन पिंपं आणि तिथे उभा राहणारा एक माणूस, एवढ्यावर निम्मा प्रकल्प यशस्वी होतो. आणि त्याच खिडकीशी रोज वजनकाटा ठेवला तर बहुतेक संस्थांना कळेल, की सगळ्यांत स्वस्त प्रक्रिया म्हणजे भात थोडा कमी शिजवणं.

हे सगळं जमून आलं, तरी प्रत्येक मेसने माशा पाळाव्यात असं कुणी सुचवू नये. गोठा न बाळगताही दुधाचा रतीब लावता येतो, तसा अळ्यांचा रतीब लावता यायला हवा. एका तालुक्यात किंवा शहराच्या एका भागात एकच संगोपन केंद्र, कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात, एखाद्या बचत गटाकडे किंवा खासगी उद्योजकाकडे. ते दर आठवड्याला पाच दिवसांच्या अळ्या संस्थांना पोचवील आणि बारा दिवसांनी पोसलेल्या अळ्या परत नेईल किंवा थेट गावरान कोंबड्या पाळणाऱ्याच्या दारात उतरवील. अवघड भाग जाणत्या हातांत, सोपा भाग संस्थेकडे. बंगळुरूच्या लूपवर्मसारख्या कंपन्या कीटकांपासून खाद्य बनवण्याच्या धंद्यात उतरल्या आहेत, चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संशोधन संस्थेने मत्स्यखाद्यात अळीच्या पिठाच्या वापरावर काम केलं आहे. मागणीची बाजू हळूहळू आकार घेते आहे. उणीव आहे ती मधल्या दुव्याची.

म्हणून आज एखाद्या संस्थेने हा मार्ग विचारात घ्यायचा तर प्रश्नांचा क्रम असा असावा. महिनाभर खरकटं तोलून पाहिलं का? पिंप खरोखर स्वच्छ वेगळं होतं का? बायोगॅसला जागा आहे का, असेल तर आधी तो. पिल्लं अळ्या पुरवणारा जवळ आहे का? तयार अळ्या घेणारा लेखी कबूल आहे का? आणि कंत्राटदाराचं सध्याचं बिल किती? शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं हाती असतील तर वीस क्रेटपासून सुरुवात करावी, तीन महिने पावसाळ्याचे जाऊ द्यावेत, मग ऐंशी करावेत. उत्तरं नसतील तर यंत्र विकणाऱ्याचं रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवावं. ही अळी भूक कधीच कमी पडू देत नाही. तिच्यापुढे योग्य अन्न आणि तिच्यामागे खात्रीचं गिऱ्हाईक ठेवणं, एवढं काम माणसांचं आहे.